मालोजीराजांचे तळे आणि आपली वंशावळ

जीर्णोद्धार म्हणजे पूर्वजांनी आरंभिलेल्या कामाला आपला हात लावणे होय. गावोगाव देवळाचे काम निघाले की काही प्रश्न हटकून पुढे येतात. मूळ देऊळ कोणी बांधले? दीपमाळ कोणाच्या नवसाची? पूजेचा मान अमुक घराकडे का? मग एकजण म्हणतो, ‘आमच्या खापरपणज्याने पाया घातला.’ दुसरा म्हणतो, ‘छे, तो आमचा मूळपुरुष.’ पुरावा काय असे विचारले की दोघेही गप्प बसतात, कारण आजोबांच्या मागचे नाव सांगतानाच बहुतेकांची जीभ अडखळते.

ही स्थिती पालटावी, निदान पुढच्या पिढीवर तरी ती येऊ नये, या हेतूने हा लेख लिहिला आहे. जुन्या नोंदींवरून पूर्वजाचा शोध कसा घेतात हे एका थोर पुरुषाच्या उदाहरणाने सांगतो. ते पुरुष म्हणजे श्रीशिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले. त्यांची निवड करण्याचे कारण असे की, तेही देवळाचा जीर्णोद्धार करणारे होते. आणि राजकुळातील असूनही त्यांची माहिती जुळविताना ज्या अडचणी येतात, त्याच तुमच्याआमच्या घराण्याचा शोध घेताना येतात.

मालोजीराजे कोण होते?

मालोजींच्या वडिलांचे नाव बाबाजी. वेरूळ येथे त्यांचे वास्तव्य होते. वेरूळ, तसेच हिंगणी, बेरडी, देऊळगाव या गावांच्या पाटीलकीशी भोसल्यांचे नाव जोडले जाते. बाबाजींना दोन पुत्र, थोरले मालोजी आणि धाकटे विठोजी. दोघे बंधू निजामशाहीत चाकरीस राहिले व पराक्रमाने वाढले. मालोजींचा विवाह फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यात झाला. त्यांना दोन पुत्र झाले, शहाजी व शरीफजी. अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) सत्पुरुष शाह शरीफ यांच्यावरील श्रद्धेने मुलांची नावे ठेवली असे परंपरा सांगते. पुढे मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांचे पुत्र शरीफजी हेही इ. स. १६२४ च्या भातवडीच्या प्रसिद्ध लढाईत कामी आले. शहाजीराजे मात्र दीर्घकाळ कर्तृत्व गाजवून इ. स. १६६४ च्या जानेवारीत कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले.

वेरूळच्या घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला, हे सर्वांस ठाऊक आहे. आज दिसणारे देऊळ त्यानंतर अठराव्या शतकात होळकर घराण्याच्या हातून उभे राहिले. याचा अर्थ मालोजींचे काम वाया गेले असा नव्हे. देऊळ असेच एका हातातून दुसऱ्या हातात जात टिकत असते. आधीच्या हाताची आठवण मात्र नंतरच्याने ठेवावी लागते, नाही तर ती बुजते.

त्यांचे दुसरे काम शिखर शिंगणापूरचे. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील हा शंभूमहादेव भोसल्यांचे कुलदैवत. चैत्रात तेथे यात्रा भरते. मुंगी घाटाच्या अवघड चढणीने कावडी वर जातात, त्यांत सासवडकडील तेल्या भुत्याच्या कावडीचा मान मोठा. डोंगरावर पूर्वी पाण्याचे अतोनात हाल होत. एवढ्या समुदायाला लांबून पाणी आणावे लागे. ते पाहून मालोजींनी तेथे मोठे तळे बांधविले. आपल्या माणदेशाकडील माणसाला या गोष्टीचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. ज्याने पाण्याची सोय केली त्याला चारशे वर्षे झाली तरी लोक विसरत नाहीत.

ही माहिती आली कोठून?

आता खरा विषय येतो. वरील माहिती एका ठिकाणी लिहून ठेवलेली नव्हती. ती तीन-चार वाटांनी आपल्यापर्यंत आली आहे.

पहिली वाट बखरीची. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे बखर लिहिली. शिंगणापूरच्या तळ्याची हकीकत तीत आरंभीच येते. सभासद हे महाराजांच्या पदरी राहिलेले गृहस्थ. परंतु मालोजींचा काळ त्यांच्याही आधीचा, म्हणजे त्यांनी ऐकून लिहिले. हा भेद लक्षात ठेवावा.

दुसरी वाट काव्याची. कवींद्र परमानंद यांनी खुद्द शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने संस्कृतात ‘शिवभारत’ रचले. मालोजी, विठोजी, त्यांच्या स्त्रिया, मुले यांची वार्ता त्यात आहे. या ग्रंथाचे दैव पाहा. रचना झाली महाराष्ट्रात, पण त्याची हस्तलिखित प्रत मिळाली तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. ती इ. स. १९२७ साली छापून प्रसिद्ध झाली. मुळातील घराण्याची कथा परमुलखात राहिलेल्या धाकट्या शाखेने जपली! घरातील जुने कागद कोणाजवळ निघतील याचा नेम नाही. थोरल्या घरी नाहीत म्हणून निराश होऊ नये. मुंबईकर चुलत्याच्या ट्रंकेत, लेकीच्या सासरी, किंवा गाव सोडून गेलेल्या भाऊबंदांकडे ते असू शकतात.

तिसरी वाट दगडाची. शहाजीराजांचे एक पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरला राज्य स्थापन केले. त्या गादीवर इ. स. १७९८ ते १८३२ या काळात सरफोजी महाराज (दुसरे) होते. त्यांनी तेथील बृहदीश्वराच्या प्रचंड देवळाच्या भिंतीवर इ. स. १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. देऊळ राजराज चोळाने बांधलेले, सुमारे इ. स. १०१० चे, आणि त्याच्या भिंतीवर आपल्या मराठी भाषेत एवढा मोठा लेख! लेख कोरविणारे सरफोजी हे स्वतः दत्तक पुत्र होते. दत्तकाने वंश चालतो तो नुसता गादीवर बसल्याने चालत नाही. पूर्वजांचे स्मरण त्याने आपले मानले म्हणजे चालतो.

चौथी वाट कागदपत्रांची. इनामपत्रे, कौल, महजर, वतनाच्या तंट्यातील करीने यांत पूर्वजांचे उल्लेख सहज म्हणून येतात. इनाम चालू ठेवताना पूर्वीचा भोगवटा कोणापासून चालत आला हे सांगावे लागे. तंटा झाला की वादी-प्रतिवादी आपापली वंशावळ लिहून देत. स्तुतीसाठी लिहिलेल्या मजकुरापेक्षा असा व्यवहारातील सहज उल्लेख पुष्कळदा अधिक भरवशाचा असतो.

पारख कशी करावी?

वाटा चार असल्या तरी सगळ्यांवरून आलेला माल सारख्या किमतीचा नसतो. मालोजींच्याच चरित्रातील चार अडचणी पाहू.

पहिली अडचण एका नावाच्या अनेक पुरुषांची. आपल्याकडे नातवाला आजोबांचे किंवा चुलत्याचे नाव ठेवण्याची चाल आहे. विठोजींना आठ पुत्र होते. त्यांतील एकाचे नाव मालोजी! म्हणजे चुलते मालोजी आणि पुतणे मालोजी. संभाजी हे नाव तर तिघांचे. विठोजींचे पुत्र संभाजी, शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजी आणि शिवाजीमहाराजांचे पुत्र छत्रपती संभाजी. नुसते ‘मालोजी भोसले’ वाचून एकाचे काम दुसऱ्याच्या नावे घातले की सारी वंशावळ बिघडते. म्हणून कागदात ‘बिन’ किंवा ‘वलद’ हा शब्द शोधावा. त्यापुढे बापाचे नाव असते. ‘मालोजी बिन बाबाजी’ असे असेल तर ते आजोबा. ‘बिन विठोजी’ असेल तर पुतणे. बापाचे नाव, गाव आणि काळ ही तीन जुळल्याशिवाय माणूस जुळला असे म्हणू नये.

दुसरी अडचण स्त्रियांच्या नावांची. मालोजींच्या पत्नीचे नाव कोठे उमाबाई आढळते, तर कोठे दीपाबाई. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, ही आपल्याकडील नित्याची गोष्ट. साधारण घराण्यांत तर स्त्रीचे नावच लिहिलेले नसते; ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर काम भागते. पण नातेसंबंध कळतात ते लेकीसुनांवरून. मालोजींच्या पत्नी फलटणच्या, आणि शिवाजीमहाराजांच्या पहिल्या राणी सईबाई याही फलटणच्या निंबाळकरांच्याच. तेव्हा दोन पिढ्यांनंतर तीच सोयरीक पुन्हा जुळली हे आपल्याला ठाऊक आहे, ते स्त्रियांची माहेरे नोंदलेली आहेत म्हणून. केवळ पुरुषांची वंशावळ ही अर्धीच वंशावळ होय.

तिसरी अडचण गोड गोष्टींची. मालोजींना देवीच्या कृपेने धन सापडले आणि ते श्रीगोंद्याच्या शेषाप्पा नाइकांकडे ठेवले, असे काही बखरी सांगतात. सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या वाड्यात रंगपंचमीला लहानग्या शहाजी व जिजाऊंनी एकमेकांवर रंग उडविला आणि त्यावरून सोयरिकीची बोलणी निघाली, ही कथा तर घरोघरी सांगतात. या कथा पुढील काळच्या बखरींतून पसरल्या. समकालीन कागदाचा आधार त्यांना नाही. म्हणून त्या टाकून द्याव्यात काय? मुळीच नाही. गोष्ट लोकांना काय प्रिय होते हे सांगते. फक्त तिच्यावर ‘ऐकीव’ अशी खूण करावी आणि पुराव्याच्या माहितीत तिची मिसळ करू नये.

चौथी अडचण मोठेपणाच्या हौसेची. भोसल्यांचे मूळ उदेपूरच्या सिसोदिया राजकुळात आहे ही परंपरा प्रसिद्ध आहे, आणि इ. स. १६७४ मधील राज्याभिषेकप्रसंगी ती मान्य झाली. तरीही बाबाजींच्या मागील पिढ्यांविषयी इतिहासकारांत वाद आहे. बाबाजींपर्यंतची वाट पक्की, त्यामागची परंपरेची. शिवछत्रपतींच्या वंशाविषयी विद्वान एवढी सावधगिरी बाळगतात, तर आपण आपला मूळपुरुष एकदम एखाद्या राजाशी नेऊन जोडण्याची घाई कशाला करावी? महाराजांचे थोरपण त्यांच्या कृतीत आहे. कुळंबी, न्हावी, सुतार, लोहार, गुरव, महार, रामोशी, धनगर अशा कोणत्याही घरातील ज्या पुरुषाने दुष्काळात पोरे जगविली, पडीक जमीन वहितीला आणली, तो आपल्या वंशजांना राजाइतकाच पूज्य असावा.

आपल्या घराण्याचा शोध कोठे घ्यावा?

शोध नेहमी आजपासून मागे न्यावा. मूळपुरुषापासून खाली येऊ नये. तसे केले की मधल्या पिढ्या कल्पनेने भरल्या जातात. आधी घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजीला आणि आत्याला विचारावे. लग्नपत्रिका, खरेदीखते, गहाणखते, जुन्या वह्या पाहाव्यात. नंतर शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, सातबाऱ्यावरील फेरफार तपासावेत. वारस लागल्याच्या फेरफारात मृताचे नाव व त्याची मुले एका ठिकाणी मिळतात. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कडईपत्रक, सूडपत्रक असे जुने मोडी कागद असतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे असंख्य रुमाल आहेत. पुण्यातच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने इ. स. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तेथेही जुन्या कागदांचा मोठा संग्रह आहे.

कचेरीबाहेरही नोंदी आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे, गाव, जात, भाऊबंद व वाडवडील लिहिलेले असतात, आणि पुढच्या पिढीचा माणूस गेला की त्यात भर पडते. दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी लोक घरोघर येऊन वंशावळ म्हणतात. काही भागांत भाट हे काम करतात. त्यांना धान्य, दक्षिणा देऊन वाटेला लावण्याआधी त्यांच्याकडून नावे लिहून घ्यावीत. मात्र एका वहीतील माहिती दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावी.

सनांचा घोळ ध्यानात ठेवावा. शकात ७८ मिळविले म्हणजे साधारणपणे इसवी सन येतो. शके १५९६ म्हणजे इ. स. १६७४. शुहूर सनात ५९९ किंवा ६००, आणि फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. जुन्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात. ‘अलफ’ म्हणजे हजार, ‘मया’ म्हणजे शंभर.

पिढ्यांचा हिशोबही करून पाहावा. शिवाजीमहाराजांचा जन्म १६३० चा, संभाजीमहाराजांचा १६५७ चा, शाहूमहाराजांचा १६८२ चा. म्हणजे पिढीमागे २७ व २५ वर्षे. आपल्या वंशावळीत शंभर वर्षांत आठ पिढ्या बसविलेल्या असतील तर कोठेतरी भाऊ हे बापलेक झाले आहेत. दोनच असतील तर मधले नाव गळाले आहे.

इ. स. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे खेडोपाडी जुनी दप्तरे उघडली गेली. मोडी वाचणारा माणूस मिळेना, तेव्हा त्या लिपीची किंमत अनेकांना कळली. गावातील दोन-तीन तरुण मुलामुलींनी मोडी शिकून घेतली तर ते देवळाच्या कळसाइतकेच भूषणावह काम होईल.

जीर्णोद्धारात काय सांभाळावे?

आता ग्रामस्थ व देणगीदार बंधू-भगिनींना चार शब्द. जुनी नोंद सर्वांत अधिक नष्ट होते ती चांगल्या हेतूने केलेल्या कामातच. जुनी फरशी काढताना पायरीवरील नाव उलटे पडून पायात जाते. शिलालेखावर ऑइलपेंटचे थर चढतात. अक्षरे असलेली फुटकी घंटा मोडीत निघते. वीरगळ व सतीशिळा आवाराबाहेर ओढ्याकाठी टाकल्या जातात. भिंतीला टाइल्स लावल्या की आतले सारे कायमचे झाकले जाते. यांतील प्रत्येक दगड म्हणजे कोणाच्या तरी घराण्याचा एकमेव साक्षीदार असू शकतो. तो एकदा गेला की कोणतीही कचेरी त्याची नक्कल देऊ शकत नाही.

म्हणून असे करावे. अक्षरे वा आकृती असलेला एकही दगड मोडू नये; आवारातच ओळीने, सावलीत बसवावा. त्यावर रंग देऊ नये, सिंदूर फासू नये. प्रत्येकाचे छायाचित्र घेऊन तो मूळ कोठे होता हे वहीत लिहावे. मंदिराच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या, वर्गणीच्या याद्या, पंचांच्या सह्यांचे ठराव रद्दीत घालू नयेत. आजची वर्गणीची यादी शंभर वर्षांनी कोणाच्या तरी पणतूला आपल्या पणज्याचा पत्ता देणार आहे.

देणगीदारांची नावे नव्या शिळेवर कोरताना नुसते आडनाव व रकमेचा आकडा पुरे नव्हे. स्वतःचे नाव, वडिलांचे व आईचे नाव, मूळ वाडी आणि साल लिहावे. विवाहित भगिनींनी देणगी दिली असेल तर माहेर व सासर दोन्ही लिहावे. दत्तक असेल तर तसे नोंदवावे, त्यात कमीपणा नाही. श्रमदान करणाऱ्याने पैसा दिला नसला तरी त्याचे नाव वगळू नये. पूर्वीच्या बांधणाऱ्यांची नावे ठाऊक असतील तर ती नव्या नावांच्या वर घ्यावीत. आणि ठाऊक नसतील तर खोटी भरू नयेत. या स्मरणिकेची एक प्रत मंदिरात, एक शाळेत आणि एक तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी, म्हणजे एखादी हरवली तरी दुसरी राहील. शिवभारताची प्रत दूर तंजावरला राहिली म्हणूनच ती आपल्याला वाचायला मिळाली, हे विसरू नये.

पितृपक्षात आपण तीन पिढ्यांची नावे घेऊन तर्पण करतो. त्या तीन नावांच्या मागे आणखी एक नाव खात्रीने लिहिता आले, तर तेही एक प्रकारचे तर्पणच होय. प्रत्येक घराने येत्या वर्षात एक वही घालावी. उजव्या पानावर पुराव्याने सिद्ध झालेले लिहावे, डाव्या पानावर ऐकीव लिहावे, आणि ती वही देव्हाऱ्याजवळ ठेवावी. पूर्वजांनी आपल्यासाठी देऊळ ठेवले, विहीर ठेवली, वहिवाट ठेवली. आपण त्यांचे खरे नाव ठेवावे, आणि ते काम आपल्या सर्वांच्या हातून तडीस जावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.